वाचवलेल्या पाण्याला वाटा नाही

माझ्या नणंदबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी मोरीत जातात. घरच्यांना वाटतं, उन्हातून आल्यात, हातपाय धुवायचे असतील. कसलं काय! त्या नळ तपासतात. ठिबकत असला तर पर्समधून पाना काढतात, वायसर काढतात आणि चहाला उकळी फुटायच्या आत नळाला गप्प करून टाकतात. माझ्या मुलाच्या नव्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा सूनबाई "आत्या, बसा ना" म्हणेपर्यंत त्या संडासाच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. सून नवीन, बिचकली. मी म्हटलं, "घाबरू नकोस, चावत नाहीत."

गावात त्यांना थेंबबाई म्हणतात. सुरुवातीला कुचेष्टेनं म्हणायचे. मध्यंतरी त्याच नावाची शिवी झाली होती. ती कशी झाली ते मला सांगायचंय. शांतपणे सांगणं जमेल असं मात्र वाटत नाही.

वन्संनी अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात चिकटल्या, त्या निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. पंपघराशेजारी त्यांची कामाची खोली होती. क्लोरीनचा वास, ओल धरलेली भिंत, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले मोडके व्हॉल्व्ह, आणि खिडकीला टेकून उभी असलेली एक लोखंडी सळई. ती सळई म्हणजे त्यांचं सगळं वैभव.

त्या विभागप्रमुख झाल्या तेव्हा टाकीतून निघालेल्या पाण्यातलं निम्मं नळापर्यंत पोचतच नव्हतं. वाटेत जमिनीत जिरत होतं. गावाच्या कडेला टेकडी आहे, तिच्यावर कष्टकऱ्यांची वस्ती. तिथल्या नळाला दोऱ्याएवढी धार यायची, तीही हवेचा फुत्कार टाकत. आधीचे साहेब म्हणायचे, टेकडी उंच आहे, त्याला आपण काय करणार. वन्सं म्हणाल्या, टेकडी उंच आहे हे खरं, पण पाइप फुटके आहेत हेही खरं, आणि टेकडी काही मला खाली आणता यायची नाही.

मग सुरू झालं त्यांचं ऐकणं. भर दुपारी, घरोघरचे नळ बंद असताना, त्या आणि त्यांचा चावीवाला रस्त्यारस्त्यानं हिंडायचे. चावीवाला म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यांत उतरून लांब दांड्याच्या चावीनं व्हॉल्व्ह उघडझाप करणारा माणूस. तो खड्ड्याचं झाकण उचलायचा, वन्सं सळईचं एक टोक पाइपावर टेकवायच्या आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायच्या. डोळे मिटलेले, पदर खोचलेला. पाणी सरळ वाहत असेल तर घुमतं, फटीतून निसटत असेल तर फुसफुसतं, असं त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न केला होता. मला नुसतंच थंडगार लोखंड लागलं.

दुकानाच्या पायरीवर बसलेले रिकामटेकडे विचारायचे, "काय हो बाई, रस्त्याला ताप आलाय का?"

चावीवाला खड्ड्यातून तोंड वर काढून म्हणायचा, "आलाय ना! तुमच्या दारात सगळ्यात जास्त आहे."

काही वर्षं गेली या कामात. गल्ल्यांमागून गल्ल्या खणल्या, सांधे बदलले, जुने पाइप उपटून टाकले. लोकांनी धुळीच्या नावानं बोटं मोडली. आणि एका उन्हाळ्यात टेकडीवरच्या शेवटच्या नळाला मनगटाएवढी धार आली. टेकडीवरची इस्त्रीवाली वन्संच्या खोलीत येऊन म्हणाली, "बाई, आता बादली भरताना गप्पाच पुऱ्या होत नाहीत हो." वन्सं तो किस्सा सांगताना अजून हसतात. म्हणजे हसायच्या.

गाव पूर्वीपेक्षा वाढलं होतं, सगळ्यांना पाणी पुरत होतं आणि तरीही गाव नदीतून पूर्वीच्या जेमतेम निम्मं पाणी उचलत होतं. सरळ डोक्याच्या कुठल्याही माणसाला वाटेल, शाबासकीचं काम. पण पाण्याचं वाटप सरळ डोक्याची माणसं करत नाहीत. ते नदीखोरे मंडळ करतं.

आता हे मंडळाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण माझा राग तिथला आहे. आमची नदी डोंगरातून निघते. आधी तिच्यावर मोठं शहर, मग बड्या जमीनदारांचे मळे आणि मधली लहान गावं, मग आमचं गाव, आणि आमच्या खाली समुद्राच्या तोंडाशी एक बंदरगाव. ठरावीक वर्षांनी मंडळ सगळ्या नदीचा आराखडा करतं आणि प्रत्येकाचा वाटा ठरवतं. नदी भरून वाहते तेव्हा कुणी किती उचलायचं याला आडकाठी नसते, फक्त मीटरवर मोजलं जातं. दुष्काळ पडला की मात्र सगळ्यांच्या वाट्यात सारख्या प्रमाणात कपात होते आणि उरेल त्यातच ज्यानं त्यानं भागवायचं. आणि वाटा कसा ठरवतात? तर मागच्या आराखड्यापासून तुम्ही किती पाणी उचललंत त्यावरून. जितकं उचललं तितकी तुमची गरज. उचललेलं पाणी माणसांनी प्यायलं की फुटक्या पाइपातून मातीनं, हे कुणी विचारत नाही. मीटर नदीकाठी बसवलेला असतो, त्याला पुढचं दिसत नाही. त्याला दिसत नाही ते ठीक, ते यंत्र आहे. मंडळातल्या लोकांना तरी डोळे असतील असं आम्हाला वाटलं होतं.

नवा आराखडा आला आणि आमचा वाटा कापला गेला. निम्मं उचलता ना, मग निम्मंच घ्या. आमचं काढलेलं पाणी वरच्या शहराला दिलं, कारण तिथले पाइप चाळणीसारखे गळतात आणि त्यामुळे तिथली 'गरज' वाढली होती!

वन्संनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलंय, तरी मला तो दोनदा वाचावा लागला. मूर्खपणा नीट टाइप करून, शिक्का मारून आला की पटकन ओळखू येत नाही.

आम्ही दोघी मंडळाच्या कार्यालयात गेलो. गार खोली, गुळगुळीत टेबल, भिंतीवर नदीचा नकाशा, नदी निळी आणि गावं तांबडी. साहेब तरुण होते, सौजन्यानं वागले. सौजन्यानं वागणाऱ्या माणसावर ओरडताही येत नाही, हा आणखी एक ताप.

"मॅडम, तुम्ही पाणी वापरलं नाहीत," ते म्हणाले. "त्याअर्थी तुम्हाला ते नको होतं."

"वापरलं नाही, कारण वाचवलं," वन्सं म्हणाल्या.

"बरोबर आहे. पण वाचवलेलं पाणी आमच्या तक्त्यात कुठे दाखवणार? तक्त्यात वापरलेलं येतं."

"मग तक्ता बदला."

साहेब हसले. हसणं वाईट नव्हतं, लहान मुलीनं चंद्र मागितल्यावर हसतात तसं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खासगीत सांगतो. पुढच्या सुनावणीपर्यंत मीटर फिरता ठेवा. सगळे ठेवतात."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वन्सं, हा माणूस आपल्याला पाणी वाया घालवायला सांगतोय."

"ऐकू आलं मला," त्या म्हणाल्या. "माझे कान चांगले आहेत."

मग दुष्काळ आला, आणि तो गावाला कापलेल्या वाट्यावर काढावा लागला. आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांआड. सगळ्यात आधी टेकडी कोरडी झाली, ती नेहमीच आधी होते. गावाला कुणीतरी सांगितलं, आणि सांगणं खोटं नव्हतं, की थेंबबाईंनी गळती बंद केली म्हणून वाटा गेला. झालं! मंडळ लांब होतं, थेंबबाई जवळ होत्या. बाजारात बायका त्यांना ऐकू जाईल अशा बोलायला लागल्या. एकीनं रिकामी घागर त्यांच्या पुढ्यात धरली आणि म्हणाली, "बाई, सगळे थेंब कुठल्या तिजोरीत ठेवलेत? दोन द्या की इकडे!" आणि ही कोण? तर तीच इस्त्रीवाली. तिचाही काही दोष नव्हता. पाण्याशिवाय कपड्यांवर शिंपडणार काय, आणि इस्त्री करणार कशी?

घरातही तेच. माझा नवरा, म्हणजे वन्संचा सख्खा भाऊ, जेवताना म्हणाला, "तुला कुणी सांगितला होता एवढा शहाणपणा? जरा गळू द्यायचं होतं."

"दादा, तू गप्प जेव," वन्सं म्हणाल्या.

"मी आपलं व्यवहाराचं सांगतोय."

मी त्याच्या ताटातली वाटी उचलून आत नेली. व्यवहार म्हणे!

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. नदी दुथडी भरून वाहायला लागली, टेकडीवरही धार आली आणि लोक रागवायचं विसरले. नगराध्यक्ष मात्र विसरले नाहीत. त्यांचा फर्निचरचा धंदा. माणूस लबाड, पण गावासाठी लबाड. ते वन्संच्या खोलीत येऊन स्टुलावर बसले. मी डबा द्यायला गेले होते, तशीच थांबले.

"ताई, मुख्य पाइपाच्या टोकाला गाळ धुऊन काढायचा व्हॉल्व्ह आहे ना आपला? वर्षातून एकदा उघडता तो?"

"आहे. मग?"

"तो उघडा. आणि उघडाच ठेवा. पाणी नाल्यात जाऊ दे. मीटर फिरू दे. सुनावणीला आपला आकडा गलेलठ्ठ दिसला पाहिजे."

वन्संचा चेहरा मी पाहिला. एखाद्या आचाऱ्याला शिजवलेलं सगळं उकिरड्यावर ओता म्हटल्यावर होईल तसा झाला.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीतरी शोधते."

त्यांनी खरंच शोधलं. रस्ते धुवून घेतले, शाळेच्या मैदानावर झाडं लावली, बंद पडलेलं कारंजं सुरू केलं. मीटरच्या काट्यानं जांभई दिल्यासारखं केलं, एवढंच. माणसाला लागून लागून पाणी लागतं किती! आमच्या गावाचं भागत होतं, हीच गावाची अडचण झाली होती.

नगराध्यक्ष परत आले. या वेळी लबाडी बाजूला ठेवून बोलले. "ताई, पुन्हा दुष्काळ पडणार. पडला की आधी टेकडी मरणार. तुमची सचोटी तेव्हा त्यांच्या घागरीत ओतायची का? नाही म्हणत असाल तर तसं त्यांना जाऊन सांगा. मी नाही सांगणार."

त्या गेल्या की टेकडीवर. एकट्याच गेल्या, काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत येताना माझ्याकडे थांबल्या, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, उद्या उघडते."

"चावीवाल्याला सांगा, तुम्ही नका जाऊ."

"त्यानं का म्हणून? त्यानं माझ्याबरोबर सगळे खड्डे खणलेत. हे त्याच्या हातानं नाही करायचं."

सकाळी मी गेले होते बघायला. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर वन्सं उभ्या, लांब दांड्याची चावी दोन्ही हातांनी धरलेली. चावीवाला बाजूला, पाठ करून. चावी जड होती, त्या साठीकडे झुकलेल्या. अंगाचा भार टाकून एकेक आटा फिरवत होत्या. आधी पाइप खाकरला, मग मातकट पाणी आलं आणि मग शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं, पंपानं चढवलेलं, काचेसारखं पाणी धो धो नाल्यात पडायला लागलं. नाल्याकाठचे लोक घराबाहेर आले. एक म्हातारा म्हणाला, "फुटलं वाटतं काहीतरी." वन्सं म्हणाल्या, "हो."

सुनावणीपर्यंत ते पाणी वाहत राहिलं. दिवसरात्र. वन्सं त्या रस्त्यानं कामावर जायच्या, त्या रस्त्यानंच परत यायच्या. मी म्हटलं, मागच्या गल्लीनं जा. म्हणाल्या, मी सोडलंय, मी बघायला नको?

सुनावणीच्या दिवशी नगराध्यक्षांनी गाडीत त्यांच्याकडून उत्तर घोकून घेतलं. साहेब विचारणार, वापर एकदम का वाढला. सांगायचं, लोकसंख्या वाढली, नवीन वसाहती झाल्या. "एवढंच, ताई. एक वाक्य. पुढे मी सांभाळतो." मी मागे बसले होते. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या.

मोठा हॉल. गावं नदीच्या क्रमानं बसवलेली, वरचं शहर पहिल्या खुर्चीत, बंदरगाव अगदी मागे, दाराशी. प्रत्येकापुढे पाण्याची बंद बाटली. प्रत्येकाची पाळी आली की उठायचं, आकडा सांगायचा, कारण सांगायचं, बसायचं. आमची पाळी आली. तेच साहेब, आता थोडे जाडे झालेले.

"तुमचा वापर दुपटीच्या वर गेलाय. कारण?"

वन्सं उठल्या. "नाल्यात सोडलं," त्या म्हणाल्या.

नगराध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

"गावाला लागत होतं त्याच्याइतकंच पाणी मी मुख्य व्हॉल्व्ह उघडून नाल्यात सोडलं," वन्संनी पुढे सांगितलं. आवाज चढला नव्हता, पण टेबलाची कड त्यांनी धरून ठेवली होती. "शुद्ध केलेलं. मागच्या खेपेला आम्ही वाचवलं, तुम्ही वाटा कापलात. टेकडीवरच्या लोकांना पाणी मिळालं नाही. म्हणून या खेपेला वाया घालवलं. तुमच्या नियमानं घालवायला लावलं. आता काय करायचं ते करा. दंड करा. पण नियम बदला."

मी मागच्या रांगेत बसले होते. मला वाटलं, आता फुटणार काहीतरी. वाटा जाईल, त्यांची नोकरी जाईल, किंवा कुणीतरी उठून म्हणेल की बाई खरं बोलतायत. वन्संनाही तेच वाटलं होतं, नंतर त्यांनी तसं सांगितलं. दोन्हींची तयारी करून गेल्या होत्या.

पहिल्या खुर्चीतले शहराचे अधिकारी हसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आमच्याकडे वेगळं सोडावं लागत नाही बुवा. पाइपच काळजी घेतात." आजूबाजूला खसखस पिकली.

साहेबांनी मान वर केली नाही. लेखनिकाला म्हणाले, "घरगुती, औद्योगिक, शेती, आणि हे... 'इतर'मध्ये घ्या." मग वन्संना म्हणाले, "ठीक आहे मॅडम, बसा. पुढचे?"

एवढंच. नाल्यात सोडलं हे खरं बोलून दाखवलं, आणि ते एका रकान्यात बसलं! दुपारी वाटे वाचून दाखवले. आमचा वाटा पूर्वीपेक्षाही मोठा. नगराध्यक्ष बाहेर पायऱ्यांवर वन्संचे हात धरून हलवत होते. "ताई, माझा जीव घेतलात तुम्ही! पण जमलं की!"

वन्संनी हात सोडवून घेतले. "रागावले सुद्धा नाहीत," त्या म्हणाल्या. "मेले रागावले सुद्धा नाहीत माझ्यावर."

गावात पोचल्यावर त्या तडक व्हॉल्व्हवर गेल्या आणि तो बंद केला. नगराध्यक्ष मागोमाग. "ताई, पुढच्या आराखड्याची मोजणी आजपासून सुरू झाली."

वन्संनी चावी त्यांच्या हातात दिली. "मग फिरवा तुम्ही." त्या आठवड्यात त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. व्हॉल्व्ह अर्थातच पुन्हा उघडला गेला. नगराध्यक्षांच्या हातांना काही तो फिरला नाही, नवीन माणूस नेमावा लागला.

यंदा पुन्हा पावसानं ओढ दिली. टेकडीवर रोज पाणी येतंय. इस्त्रीवाली आणि आणखी दोघी-तिघी वन्संचे आभार मानायला आल्या, तर त्यांनी दारातूनच सांगितलं, "माझे कसले आभार मानता? जमलं तर मंडळाला शिव्या घाला." आणि दार लावून घेतलं. मला ते वागणं आवडलं नाही, आणि मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "वहिनी, आपल्याला वाढवून दिलेलं पाणी आलं कुठून ते विचारलंत का कधी? नदी तर तेवढीच आहे." मी विचारलं नव्हतं. अर्थशास्त्र शिकवत होते तरी.

उत्तर मागच्या महिन्यात आपल्या पायांनी चालत वन्संच्या दारात आलं, मी तिथेच होते. बंदरगावची पाणीपुरवठ्याची बाई, चाळिशीची, घामाघूम, हातात पिशवी. ती म्हणाली, "बाई, तुमचं नाव ऐकून आम्हीही केलं. सळई घेऊन हिंडलो, सगळी गळती बंद केली. आणि आमचा वाटा कापला हो. आता बंदरावर टँकर येतायत. काय चुकलं आमचं?"

मी पाणी आणलं, तिनं घटाघटा प्यायलं, ग्लास खाली ठेवायलाही लाजली. मग वन्संनी पायात चपला घातल्या आणि तिला घेऊन बाहेर गेल्या. दिवेलागणीला एकट्या परतल्या.

"काय सांगितलंत तिला?" मी विचारलं.

"व्हॉल्व्ह कसा उघडायचा ते दाखवलं."

"वन्सं!"

"अहो, मग काय सांगू? तहानलेल्या राहा म्हणून?" त्या जवळजवळ ओरडल्या. मग म्हणाल्या, "आणि सांगितलं, सुनावणीत खोटं कारण द्यायचं नाही. उभं राहून सांगायचं, नाल्यात सोडलं. मीही येणार आहे, मळ्यांच्या आणि मधल्या गावांच्या माणसांनाही भेटणार आहे. सगळ्यांनी तेच म्हणायचं. त्या साहेबाला एकामागून एक लिहू दे 'इतर', 'इतर', 'इतर'. बघू या किती वेळ मान खाली ठेवतो."

"त्यानं काय होणार?"

"मला काय माहीत काय होणार!" त्या म्हणाल्या. "तुम्ही येताय का नाही, तेवढं बोला."

मी म्हटलं, येते.